टीमक्सचा रिव्ह्यू: सर्व्हर लांब असेल तर हे पाहिजेच

निकाल आधीच सांगून टाकतो, घाईत असाल तर इथूनच सुटा. टीमक्स, म्हणजे नेट गेलं तरी सर्व्हरवरचं काम चालू ठेवणारा टर्मिनलमधला प्रोग्राम, टाकून घ्या. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, साईज नगण्य आहे, उबंटू सर्व्हरवर तर बऱ्याचदा आधीपासूनच पडलेलं असतं आणि नसलं तर एप्ट इन्स्टॉल टीमक्स मारलं की आलं. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईल.

आता ज्यांनी नावच ऐकलं नाही त्यांच्यासाठी. समजा तुम्ही लॅपटॉपवरून एसएसएचने, म्हणजे लांबच्या मशीनवर टर्मिनलमधून शिरायच्या प्रोग्रामने, सर्व्हरला लॉगिन मारलं आणि डेटाबेसचा मोठा बॅकअप रिस्टोरला लावला. काम सर्व्हरवर चाललंय, तुमचा लॅपटॉप फक्त बघतोय, मग लॅपटॉपचं नेट गेलं तर सर्व्हरला काय फरक पडतो असं वाटतं ना? पडतो. कनेक्शन तुटल्याचं सर्व्हरच्या लक्षात आलं की तो तुमचं टर्मिनल बंद करतो आणि त्या टर्मिनलवर चालू असलेल्या प्रोग्रामना हँगअप नावाचा सिग्नल जातो. ही मोडेमच्या काळातली पद्धत आहे, समोरच्याने फोन ठेवला म्हणजे माणूस गेला, आता त्याची कामं आवरा असा हिशोब. आणि बहुतेक प्रोग्राम हा सिग्नल आला की गुमान मरतात. रिस्टोर निम्म्यावर, टेबलं अर्धवट, आणि पुन्हा पहिल्यापासून. मुंबई-पुणे ट्रेनमध्ये काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, कर्जत सोडलं की घाटातले बोगदे सुरू होतात आणि हॉटस्पॉटचे दांडे एकेक करून गळतात. घरून काम करणाऱ्यांचं तेच, लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो पण राऊटर तर गेलाच ना.

टीमक्स काय करतं, तर तुमचं शेल, म्हणजे तुमच्या कमांड घेऊन चालवणारा प्रोग्राम, एसएसएचच्या हाताखाली न ठेवता स्वतःच्या ताब्यात घेतं. सर्व्हरवर टीमक्सची एक वेगळी प्रोसेस चालू राहते, तुमच्या कमांड तिच्या पोटात चालतात, आणि तुम्ही एसएसएचने येऊन फक्त डोकावता. नेट गेलं तर तुमचं डोकावणं बंद होतं, काम नाही. बस, एवढंच. बाकी सगळी सजावट आहे आणि त्या सजावटीबद्दल माझं मत फार चांगलं नाही, पण ते नंतर.

वापरताना कसं दिसतं ते सांगतो. कमांड मी ज्युनियरला फोनवर सांगतो तशाच लिहितोय, डॅश म्हणजे वजाचं चिन्ह. सर्व्हरवर गेलात की टीमक्स न्यू डॅश एस रिस्टोर असं मारायचं, यातलं रिस्टोर हे आपण या सेशनला, म्हणजे कामाच्या या बैठकीला, दिलेलं नाव, काहीही द्या पण द्या, नाहीतर टीमक्स शून्य, एक, दोन अशी नावं ठेवतं आणि दोन दिवसांनी कशात काय चालू होतं ते कळत नाही. एंटर मारलं की स्क्रीन साफ होते आणि तळाला एक हिरवी पट्टी येते, डावीकडे चौकटी कंसात सेशनचं नाव, उजवीकडे मशीनचं नाव आणि वेळ. आता नेहमीसारखं काम करा. निघायचं झालं की कंट्रोल आणि बी एकत्र दाबायचं, सोडायचं, आणि मग नुसतं डी दाबायचं. सोडायचं हे महत्त्वाचं आहे बरं का, नवीन माणूस तिन्ही एकदम दाबत बसतो आणि काही होत नाही म्हणून वैतागतो. पट्टी गायब, डिटॅच्ड असा एका ओळीचा मेसेज, तुम्ही परत साध्या शेलवर. एक्झिट मारा, लॅपटॉप बंद करा, जेवून या. परत आलात की लॉगिन करून टीमक्स अटॅच डॅश टी रिस्टोर, आणि सगळं जसंच्या तसं समोर, मध्ये जे काही प्रिंट झालं असेल त्यासकट. कुठली सेशन्स चालू आहेत ते टीमक्स एलएस सांगतं.

याहून सोपं पाहिजे असेल तर टीमक्स न्यू डॅश कॅपिटल ए डॅश एस काम. हा कॅपिटल ए फार कामाचा, काम नावाचं सेशन असेल तर त्यात घुसतो, नसेल तर नवीन बनवतो. मी तर ही कमांड एसएसएचच्या कॉन्फिग फाईलमध्येच टाकून ठेवलीय, रिमोटकमांड म्हणून एक ओळ आणि त्याखाली रिक्वेस्टटीटीवाय यस, म्हणजे लॉगिन केलं की थेट टीमक्समध्येच उतरतो. पण ज्या होस्टच्या नावाला ही ओळ लावाल त्या नावाने मग आरसिंक, म्हणजे फाईली कॉपी करायची कमांड, चालत नाही, एसएसएच म्हणतं की मला दोन-दोन कमांड एकदम देऊ नका. म्हणून त्याच सर्व्हरची दोन नावं ठेवायची, एक बसून काम करायला आणि एक साधं, फाईली न्यायला-आणायला.

बाकीचे पर्याय पण बघू, रिव्ह्यू म्हटल्यावर तुलना आलीच. सगळ्यात जुना म्हणजे नोहप, कमांडच्या आधी नोहप लिहायचं आणि शेवटी अँड चिन्ह लावायचं. चालतं, पण प्रोग्रामने मध्येच यस की नो विचारलं तर उत्तर द्यायला तुम्ही तिथे नाही आणि आउटपुट नोहप डॉट आउट नावाच्या फाईलमध्ये जाऊन पडतो, तो टेल डॅश एफ लावून बघत बसा. एखादी छोटी स्क्रिप्ट सोडून द्यायची असेल तर ठीक. आधीच सुरू केलेलं काम वाचवायचं असेल आणि टीमक्स लावायचं राहून गेलं असेल तर कंट्रोल झेडने थांबवून, बीजी मारून, मग डिसओन डॅश एच. हे बॅशमध्ये, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या शेलमध्ये, चालतं आणि ऐन वेळी लाखमोलाचं आहे, लक्षात ठेवा.

दुसरा म्हणजे स्क्रीन नावाचाच, टीमक्ससारखा प्रोग्राम. ग्नू स्क्रीन, 1987 सालचं, आपल्यातले बरेच जण तेव्हा जन्मालाही आलेले नव्हते. टीमक्स 2007 मध्ये निकोलस मॅरियट यांनी लिहायला घेतलं आणि 2009 पासून ते ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमचाच मूळ भाग आहे, ती मंडळी सुरक्षेच्या बाबतीत किती खडूस आहेत ते माहीत असेल तर हे सर्टिफिकेट पुरेसं आहे. स्क्रीन वाईट नाही, अजूनही चालतं, सिरीयल पोर्टला जोडायचं असेल तर मी आजही स्क्रीनच वापरतो. पण रेड हॅटने आपल्या लिनक्सच्या आठव्या आवृत्तीतून, म्हणजे 2019 मध्ये, स्क्रीन काढलं आणि टीमक्स वापरा म्हणून सांगितलं, त्यामुळे नव्याने शिकणाऱ्याने स्क्रीनच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही. शिवाय स्क्रीनची सुरुवातीची कळ कंट्रोल-ए, आणि बॅशमध्ये कंट्रोल-ए म्हणजे ओळीच्या सुरुवातीला जाणं, जे दिवसभर लागतं. टीमक्सची कंट्रोल-बी बोटांना जरा लांब पडते हे खरं पण ती कंट्रोल-ए इतकी पायात येत नाही. इंटरनेटवर जो तो सांगतो की पहिलं काम म्हणजे बी बदलून ए करा, माझं म्हणणं अजिबात करू नका, उद्या दुसऱ्याच्या सर्व्हरवर गेलात की बोटं गोंधळतील.

आता सजावटीबद्दल. व्हिडिओ बघाल तर टीमक्स म्हणजे स्क्रीनचे सहा तुकडे, एकात लॉग, एकात एचटॉप, एकात रंगीत घड्याळ, आणि खाली बाणांच्या आकाराची स्टेटस पट्टी. दिसायला भारी, पण चौदा इंची लॅपटॉपवर सहा तुकड्यांत लॉग वाचून दाखवा मला. दोन ठीक आहेत, कंट्रोल-बी आणि टक्क्याचं चिन्ह म्हणजे उभे दोन भाग, कंट्रोल-बी आणि डबल कोट म्हणजे आडवे, आणि कंट्रोल-बी झेड मारलं की ज्या भागात आहात तो फुल स्क्रीन, परत झेड मारला की पूर्ववत. मला विचाराल तर तुकड्यांपेक्षा वेगवेगळ्या विंडो बऱ्या, कंट्रोल-बी सी ने नवीन विंडो, कंट्रोल-बी स्वल्पविराम ने तिला नाव, आणि आकडा दाबून उडी मारा. प्लगिनचं तर बोलूच नका, लोक आधी पंधरा प्लगिन टाकतात आणि मग टीमक्स स्लो झालं म्हणतात.

माझी कॉन्फिग फाईल पाच-सहा ओळींची आहे. माऊस ऑन. हिस्टरी लिमिट 50000, कारण मुळात फक्त 2000 ओळी मागे जाता येतं आणि बिल्डचा एरर नेमका दोन हजार एकाव्या ओळीवर असतो, फक्त ही सेटिंग नवीन उघडलेल्या विंडोलाच लागू होते, जुन्यांना नाही. एस्केप टाईम 10, कारण जुन्या व्हर्जनमध्ये ते 500 मिलीसेकंद असतं आणि विम या एडिटरमध्ये एस्केप दाबलं की अर्धा सेकंद काहीच होत नाही, माणसाला वाटतं नेट स्लो आहे. आणि माझ्या मते सगळ्यात कामाची ओळ, प्रॉडक्शनच्या, म्हणजे खऱ्या वापरातल्या, सर्व्हरवर स्टेटस पट्टीचा रंग लाल. टेस्टवर हिरवाच ठेवायचा. रात्री अकरा वाजता चार सर्व्हर उघडे असतात, सगळे काळे, सगळ्यांवर डॉलरचं चिन्ह, अशा वेळी रिबूट टाईप करताना नजर तळाला जाते आणि लाल दिसलं की हात आपोआप थांबतो. डेबियन किंवा उबंटूवर असाल तर जोडीला मॉली-गार्ड नावाचं पॅकेज टाका, एसएसएचमधून रिबूट मारलं की ते आधी विचारतं, या मशीनचं नाव टाईप कर बघू. चुकीचं नाव लिहिलं की रिबूट रद्द.

आता खोड्या.

पहिली, स्क्रोल आणि कॉपी. अर्धा गुण इथे गेला. माऊस ऑन केलेलं नसेल तर काही टर्मिनलमध्ये चाक फिरवलं की वर जाण्याऐवजी मागच्या कमांड यायला लागतात, नवीन माणूस हमखास घाबरतो. वर बघायला कंट्रोल-बी आणि उघडा चौकटी कंस, मग बाण किंवा पेजअप, बाहेर यायला क्यू. माऊस ऑन केला की चाक चालतं पण मग सिलेक्ट केलेलं टीमक्सच्या स्वतःच्या बफरमध्ये जातं, तुमच्या लॅपटॉपच्या क्लिपबोर्डमध्ये येईलच असं नाही. सिलेक्ट करताना शिफ्ट दाबून धरायचं, मॅकच्या आयटर्ममध्ये ऑप्शन, म्हणजे नेहमीसारखं कॉपी होतं. आणि उभे दोन भाग केलेले असतील तर आधी झेड, नाहीतर शेजारच्या भागातल्या ओळीही त्यात गुंफून येतात. एवढं सगळं फक्त एक एरर मेसेज टीमच्या ग्रुपवर टाकायला. 2007 पासून चाललेल्या टूलमध्ये हे आतापर्यंत सुटायला हवं होतं राव.

दुसरी, सेशन गायब. टीमक्स एलएस मारलं आणि नो सर्व्हर रनिंग आलं की छातीत धस्स होतं. आधी बघा की तुम्ही कोण म्हणून लॉगिन आहात. सेशन सुडो लावून सुरू केलं असेल तर ते रूटचं, म्हणजे मुख्य ॲडमिन यूजरचं, तुमच्या यादीत दिसणारच नाही. दुसरं कारण गमतीशीर आहे, टीमक्सशी बोलायचं सॉकेट टेम्प फोल्डरमध्ये असतं आणि काही सिस्टीमवर टेम्प साफ करणारी झाडू ते उचलून टाकते. प्रोसेस जिवंत असते, दरवाजा तेवढा गेलेला असतो. अशा वेळी पीकिल डॅश यूएसआर1 टीमक्स मारायचं, ते सॉकेट परत तयार करतं. नावात किल असलं तरी मरत काही नाही. तिसरं कारण, सिस्टमडीमध्ये, म्हणजे लिनक्सवरचे प्रोग्राम सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेमध्ये, किलयूजरप्रोसेसेस नावाची सेटिंग आहे, 2016 मध्ये त्यांनी ती मुळातच चालू करून ठेवली होती आणि त्यावरून बराच गदारोळ झाला, उबंटू-डेबियनसारख्या बऱ्याच डिस्ट्रोंनी ती परत बंद केली, पण तुमच्या ॲडमिनने चालू ठेवली असेल तर लॉगआउट केल्यावर टीमक्ससकट सगळं साफ. लॉगइनडीची, म्हणजे सिस्टमडीच्या लॉगिन सांभाळणाऱ्या भागाची, कॉन्फिग फाईल बघा. आणि सर्व्हरच रिबूट झाला तर अर्थात सगळंच गेलं, त्याला इलाज नाही. रिसरेक्ट नावाचं प्लगिन विंडोंची मांडणी परत आणून देतं पण चालू असलेलं रिस्टोर काही परत येत नाही.

तिसरी खोडी गिट वापरणाऱ्यांसाठी. लॅपटॉपवरची एसएसएच की सर्व्हरवर न ठेवता एजंट फॉरवर्डिंगने तिथून वापरत असाल तर काल सुरळीत चाललेलं गिट पुल आज अटॅच केल्यावर परमिशन डिनाईड देतं. की बदललेली नसते, जुन्या शेलला कालच्या कनेक्शनचा पत्ता पाठ असतो आणि तो पत्ता आता अस्तित्वात नाही. नवीन विंडो उघडा, तिला नवीन पत्ता मिळतो, तिथून पुल करा.

टीमक्स काम वाचवतं पण कनेक्शन सुधारत नाही, हे लोक विसरतात. पुण्यात बसून व्हर्जिनियातल्या सर्व्हरवर टाईप करताना प्रत्येक अक्षर 200 मिलीसेकंदाच्या वर उशिरा उमटतं, टीमक्स असो वा नसो. त्यासाठी मॉश, एसएसएचच्या जागी वापरायचा प्रोग्राम. एमआयटीतल्या लोकांनी 2012 मध्ये आणलं, टाईप केलेलं अक्षर सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता लगेच दाखवतं, नेट लटकलं असेल तर त्याला अधोरेखित करतं म्हणजे हे अजून पोचलेलं नाही, आणि वायफायवरून मोबाईलवर गेलात तरी कनेक्शन टिकतं. मॉशला मागे स्क्रोल करता येत नाही, पण आत टीमक्स चालवलं की तो प्रश्न मिटला, जोडी झकास आहे. फक्त मॉशला सर्व्हरवर पण इन्स्टॉल करावं लागतं आणि यूडीपीचे 60000 ते 61000 पोर्ट लागतात, ऑफिसच्या फायरवॉलवाल्याकडे ते मागायला गेलात की तो असा बघतो की जणू तुम्ही त्याची किडनी मागितली.

मॉश मिळालं नाही तर निदान एसएसएचच्या कॉन्फिग फाईलमध्ये सर्व्हरअलाईव्हइंटरव्हल 60 टाका, दर मिनिटाला एक टिचकी जाते आणि चहाला उठलात म्हणून मधला राऊटर कनेक्शन तोडत नाही. आणि तरीही स्क्रीन थिजली, कंट्रोल-सी पण चालेना, तर टर्मिनल बंद करू नका. एंटर, मग टिल्डा, मग टिंब. टिल्डा म्हणजे कीबोर्डवर एक आकड्याच्या डावीकडची ती लाट. एसएसएच तिथल्या तिथे तुटतं आणि तुम्ही लॅपटॉपच्या शेलवर परत. एंटर आधी मारणं गरजेचं, कारण ओळीच्या सुरुवातीला असेल तरच एसएसएच त्या लाटेकडे लक्ष देतं. मग परत लॉगिन, अटॅच डॅश डी डॅश टी काम, हा डी तुमचं जुनं लटकलेलं कनेक्शन बाहेर काढून तुम्हाला आत घेतो.

एक फायदा कोणी फारसा सांगत नाही. दोन जण एकाच यूजरने एकाच सेशनला अटॅच झाले तर दोघांना एकच स्क्रीन दिसते, लाईव्ह. नाशिकला बसलेल्या पोराला फोन लावून मी म्हणतो, अटॅच डॅश आर डॅश टी काम मार आणि बघत रहा. डॅश आर म्हणजे नुसतं बघायचं, त्याने चुकून काही दाबलं तरी इकडे उमटत नाही. व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर केली की अक्षरं धूसर दिसतात, इथे स्वच्छ, आणि नेट कितीही मरतुकडं असलं तरी चालतं कारण जाणारा मजकूरच आहे. दोघांच्या खिडक्यांचे आकार वेगळे असतील तर मोठ्या खिडकीवाल्याला उरलेल्या जागेत टिंबं-टिंबं दिसू शकतात, ती बिघाड नाही, त्याने घाबरून फोन करू नये म्हणून आधीच सांगून ठेवायचं.

आणि आता राग. टीमक्स हे डिप्लॉयमेंट, म्हणजे ॲप कायमचं चालू ठेवायची सोय, नाही! एका क्लायंटकडे गेलो तर त्यांचं अख्खं पायथनचं ॲप्लिकेशन प्रॉडक्शनला टीमक्सच्या एका विंडोत चालू होतं, सेशनचं नाव टेस्ट2, कुणी सुरू केलं कुणाला माहीत नाही, आणि सर्व्हर रिबूट करायला सगळे घाबरत होते कारण परत सुरू कसं करायचं ते सोडून गेलेल्या माणसाच्या डोक्यात होतं. कायम चालणाऱ्या गोष्टीला सिस्टमडीची सर्व्हिस फाईल लिहा, दहा-बारा ओळी असतात, रिस्टार्ट बरोबर ऑलवेज टाकलं आणि एनेबल केलं की क्रॅश झालं तरी उठतं, रिबूटनंतर उठतं, आणि लॉग जर्नलसीटीएल डॅश यू ने बघता येतो. टीमक्स तुमच्यासाठी, म्हणजे मायग्रेशन, मोठा आरसिंक, अपग्रेड, लॉग बघत बसणं. विशेषतः अपग्रेड. सर्व्हरची ओएस अपग्रेड करताना एसएसएच मध्येच रिस्टार्ट होऊ शकतं, ते टीमक्सबाहेर करणं म्हणजे आ बैल मुझे मार.

जुन्या सर्व्हरवाल्यांसाठी एवढं सांगतो की सेंटओएस 7 वर टीमक्सचं 1.8 मिळतं आणि माऊस ऑनची ही सोपी सेटिंग 2.1 पासून आली, त्यामुळे नव्या मशीनवरची कॉन्फिग फाईल तिथे नेली की सुरू होतानाच एरर दाखवेल. माऊसची ती ओळ काढा, कंट्रोल-बी आणि चौकटी कंसावर भागवा. डिटॅच-अटॅच त्यातही अगदी व्यवस्थित चालतं.